पीएचपीतून एसक्यूलाइट: सर्व्हर नसलेल्या डेटाबेसची पहिली ओळख

एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे, पण त्याला सर्व्हर नाही. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये एक वेगळा प्रोग्राम सतत चालू असतो. त्याचं युजरनेम, पासवर्ड, पोर्ट असतं आणि आपला कोड त्याच्याशी नेटवर्कवरून किंवा सॉकेटमधून बोलतो. एसक्यूलाइटमध्ये यातलं काहीच नाही. ती सी भाषेत लिहिलेली एक लायब्ररी आहे. ती पीएचपीच्या प्रोसेसमध्येच चालते आणि डिस्कवरची एक फाइल वाचते-लिहिते. सगळी टेबलं, इंडेक्स, डेटा त्या एका फाइलमध्ये.

रिचर्ड हिप यांनी २००० साली ती लिहायला घेतली, तेव्हा ते अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला तरी प्रोग्राम चालत राहायला हवा, ही त्यामागची गरज. सोर्स कोड सार्वजनिक मालकीचा आहे, त्यामुळे परवान्याची भानगडच नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की नवीन माणूस एसक्यूलाइटमध्ये जिथे अडखळतो, तिथे एसक्यूएलचा दोष क्वचितच असतो. अडचण फाइलची असते: ती कुठे आहे, कुणाच्या नावावर आहे, तिच्यात आत्ता कोण लिहितंय. हे डोक्यात ठेवलं की पुढच्या बऱ्याचशा एरर आपोआप उलगडतात.

आज्ञा आणि फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. उदाहरणासाठी एक छोटं ग्रंथालय धरू: पुस्तकं, वाचक, आणि कुणी काय नेलं याची नोंद.

१. एक्स्टेंशन आहे ना, ते पाहा

पीएचपीतून एसक्यूलाइट वापरायचे दोन मार्ग आहेत. एक 'एसक्यूलाइट३' नावाचा क्लास, दुसरा पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी बोलायची पीएचपीतली सामाईक सोय. पहिल्यात एसक्यूलाइटच्या काही खास सोयी थेट मिळतात. पीडीओ इतर डेटाबेसनाही चालतो, त्यामुळे एकदा शिकलेलं पुढेही उपयोगी पडतं. मी पीडीओच सुचवीन. जुन्या धड्यांमध्ये 'एसक्यूलाइट ओपन', 'एसक्यूलाइट क्वेरी' अशी सुटी फंक्शनं दिसली तर तो धडा सरळ बंद करा. ती एसक्यूलाइटच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी होती आणि पीएचपी ५.४ पासून मूळ पीएचपीतून काढून टाकली आहेत.

टर्मिनलवर 'पीएचपी' लिहून पुढे 'डॅश एम' दिलं की चालू एक्स्टेंशनची यादी येते. तिच्यात पीडीओ-एसक्यूलाइट दिसायला हवं. उबंटू किंवा डेबियनवर नसेल तर 'पीएचपी-एसक्यूलाइट३' हे पॅकेज बसवायचं. विंडोजवर पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये त्या एक्स्टेंशनच्या ओळीआधीचा अर्धविराम काढायचा आणि वेब सर्व्हर रीस्टार्ट करायचा. टर्मिनलवरच्या पीएचपीची आणि ब्राउझरमार्फत चालणाऱ्या पीएचपीची सेटिंग बऱ्याचदा वेगळी असते. एका ठिकाणी दिसलं म्हणून दुसरीकडे असेलच असं नाही, म्हणून 'पीएचपीइन्फो'चं पानही एकदा उघडून बघा.

'सिलेक्ट एसक्यूलाइट व्हर्जन' ही क्वेरी चालवून लायब्ररीचा आकडा लिहून ठेवा. कुठल्या सोयी मिळणार ते या आकड्यावर ठरतं, पीएचपीच्या आवृत्तीवर नाही. असलेली ओळ बदलायची, नसली तर घालायची, असं एकाच क्वेरीत करणारं 'अपसर्ट' ३.२४ पासून आहे. घातलेली ओळ लगेच परत देणारं 'रिटर्निंग' ३.३५ पासून, आणि 'स्ट्रिक्ट' टेबलं ३.३७ पासून. शेअर्ड होस्टिंगवर जुनी लायब्ररी असण्याची शक्यता बरीच असते.

२. फाइल कुठे ठेवायची

डेटाबेसची फाइल वेब सर्व्हर ज्या फोल्डरमधून पानं देतो, त्याच्या बाहेर ठेवा. आत ठेवली आणि कुणी तिचं नाव ओळखलं, तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून अख्खा डेटाबेस डाउनलोड करता येतो. पासवर्ड विचारायला इथे कुणी बसलेलं नाही. सार्वजनिक फोल्डरच्या शेजारी 'डेटा' नावाचं वेगळं फोल्डर करणं हा साधा उपाय.

मग येते परवानगी. पीएचपी ज्या युजरच्या नावाने चालतं, त्याला ती फाइल लिहिता यायला हवी. डेबियन आणि उबंटूवर हा युजर बहुधा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं. चुकतं ते पुढे: नुसती फाइल लिहिण्याजोगी असून भागत नाही, फोल्डरही लिहिण्याजोगं लागतं. कारण एसक्यूलाइट लिहिताना शेजारी एक तात्पुरती जर्नल फाइल तयार करतं. मध्येच वीज गेली किंवा प्रोसेस मेली, तर त्या फाइलच्या आधारे ते डेटाबेस आधीच्या धड अवस्थेत आणतं. ती फाइल बनवता आली नाही तर लिहिणंच नाकारतं. मग 'रीडओन्ली डेटाबेस' किंवा 'अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल' अशी एरर येते, आणि माणूस फाइलच्या परमिशन पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

याचंच दुसरं रूप: टेबलं बनवणारी स्क्रिप्ट तुम्ही टर्मिनलवर स्वतःच्या किंवा रूटच्या नावाने चालवली. फाइल तयार झाली, पण तुमच्या मालकीची. वेबवरून वाचता येतं, लिहिता येत नाही. अशा वेळी सगळ्याला ७७७ (कुणालाही काहीही करायची परवानगी) देऊन मोकळं होण्याचा मोह आवरा. मालक बदला, किंवा स्क्रिप्ट मुळातच वेबच्या युजरच्या नावाने चालवा.

तिसरी गोष्ट पत्त्याची. कनेक्शन उघडताना सांगितलेल्या ठिकाणी फाइल नसेल, तर एसक्यूलाइट तक्रार करत नाही. मुकाट्याने नवी, रिकामी फाइल बनवतं. मग पहिल्याच क्वेरीला 'नो सच टेबल' येतं आणि तुम्ही म्हणता, टेबल तर कालच बनवलं होतं! बनवलं होतं, पण दुसऱ्या फाइलमध्ये. सापेक्ष पत्ता दिला की तो चालू फोल्डरपासून मोजला जातो, आणि ते फोल्डर टर्मिनलवर एक, वेबवर दुसरं असू शकतं. म्हणून पत्ता नेहमी पूर्ण द्यायचा. पीएचपीत 'डिर' या स्थिरांकात चालू फाइलचं फोल्डर मिळतं (आधी दोन अंडरस्कोर, नंतर दोन अंडरस्कोर), त्याला पुढचा भाग जोडायचा. 'नो सच टेबल' दिसलं की सगळ्यात आधी शून्य बाइटची एखादी अनाथ फाइल कुठे पडली आहे का ते शोधा.

डॉकरमध्ये काम करत असाल तर डेटाचं फोल्डर व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनरच्या बाहेर टिकणाऱ्या जागेवर हवं. नाहीतर कंटेनर नव्याने उभा केला की डेटा गेला.

३. कनेक्शन, आणि लगेच तीन सूचना

पीडीओचं नवं ऑब्जेक्ट बनवताना पहिला पॅरामीटर म्हणून एक स्ट्रिंग द्यायची: 'एसक्यूलाइट' हा शब्द, कोलन, आणि लगेच फाइलचा पूर्ण पत्ता. युजरनेम-पासवर्ड नाही. फाइलच्या पत्त्याऐवजी 'मेमरी' हा शब्द आगेमागे कोलन लावून दिला, तर डेटाबेस फक्त रॅममध्ये बनतो आणि कनेक्शन संपलं की नाहीसा होतो. टेस्ट लिहिताना हे फार सोयीचं पडतं.

पीएचपी ८ पासून पीडीओ चुकांवर आपणहून एक्सेप्शन फेकतं. त्याआधीच्या आवृत्तीत 'एरमोड एक्सेप्शन' स्वतः लावावं लागतं, नाहीतर क्वेरी फसली तरी पान गप्प राहतं.

कनेक्शन उघडल्याबरोबर 'एक्झेक'ने तीन प्राग्मा, म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञा, चालवा.

पहिला, 'फॉरिन कीज ऑन'. एसक्यूलाइटला फॉरिन की (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारे दुवे) समजतात, पण जुन्या कोडशी जुळवून घेण्यासाठी त्या मुळात बंद असतात. टेबल बनवताना 'रेफरन्सेस' लिहिलं तरी तपासणी होत नाही, आणि अस्तित्वातच नसलेल्या वाचकाच्या नावावर पुस्तक खुशाल चढतं. हा प्राग्मा फाइलमध्ये साठत नाही, दर कनेक्शनला पुन्हा द्यावा लागतो. ट्रान्झॅक्शन (सगळ्या मिळून पार पडणाऱ्या किंवा सगळ्या रद्द होणाऱ्या क्वेरींचा गट) सुरू झाल्यावर दिला तर त्याचा परिणाम शून्य, आणि एररही येत नाही.

दुसरा, 'जर्नल मोड वॉल'. याची गरज लॉकच्या भागात कळेल. हा मात्र फाइलवर कायमचा राहतो, एकदा दिला तरी पुरे.

तिसरा, 'बिझी टाइमआउट', मिलिसेकंदांत. ५००० ठीक. दुसरं कुणी लिहीत असेल तर लगेच हार न मानता पाच सेकंदांपर्यंत थांब, असा त्याचा अर्थ. पीडीओ न सांगता ६० सेकंद थांबतं, जे वेब पानासाठी फार झालं. 'एसक्यूलाइट३' क्लास तर अजिबातच थांबत नाही.

हे सगळं एकाच फंक्शनमध्ये बसवा आणि पूर्ण प्रोजेक्टमध्ये कनेक्शन तिथूनच घ्या.

४. टेबल बनवताना

'क्रिएट टेबल' तुम्हाला येतं असं धरतो. एसक्यूलाइटचं वेगळेपण कॉलमच्या टाइपमध्ये आहे. इथे टाइप हा नियम नसून शिफारस असते. 'इंटिजर' कॉलममध्ये मजकूर घातला तर एसक्यूलाइट आधी त्याचं आकड्यात रूपांतर होतं का पाहतं. झालं तर आकडा साठवतं, नाही झालं तर मजकूर जसाच्या तसा.

ग्रंथालयात याचा नेमका फटका कुठे बसेल? दहा अंकी आयएसबीएन. बरेच आयएसबीएन शून्याने सुरू होतात आणि काहींचा शेवट एक्स या अक्षराने होतो. कॉलम 'इंटिजर' ठेवला तर पहिल्या प्रकारातलं शून्य गळून नऊच अंक उरतात आणि दुसऱ्या प्रकारातले क्रमांक मजकूर म्हणून राहतात. एकाच कॉलममध्ये दोन जातींचा माल, आणि एकही एरर नाही. ज्या क्रमांकावर बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो 'टेक्स्ट' ठेवा: फोन, पिन कोड, आयएसबीएन सगळेच. लायब्ररी पुरेशी नवी असेल तर टेबलाच्या शेवटी 'स्ट्रिक्ट' लिहा, म्हणजे चुकीच्या टाइपची किंमत थेट नाकारली जाईल. नव्या प्रोजेक्टात ते न लिहिण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

आयडीसाठी 'इंटिजर प्रायमरी की' एवढंच पुरतं, क्रमांक आपोआप मिळतो. 'ऑटोइन्क्रिमेंट'ची गरज नसते. शेवटची ओळ पुसल्यावर तिचा क्रमांक पुन्हा कधीच वापरला जाऊ नये असं वाटत असेल तरच ते लावा. 'इंटिजर' हा शब्द पूर्ण लिहायचा. 'इंट' लिहिलं तर ही आपोआप क्रमांकाची सोय मिळत नाही.

तारखेचा वेगळा टाइप नाही. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने मजकूर ठेवला की क्रमवारी आणि तुलना आपोआप बरोबर येते. 'करंट टाइमस्टॅम्प' यूटीसी वेळ देतं. स्थानिक वेळ दाखवायचं काम पीएचपीत करा, साठवताना यूटीसीच ठेवा.

आणि एसक्यूएलमध्ये मजकुराला एकेरी अवतरणचिन्हच वापरा. दुहेरी चिन्ह कॉलमच्या नावासाठी असतं, पण तसा कॉलम सापडला नाही तर एसक्यूलाइट बऱ्याचदा त्यालाच मजकूर समजतं. म्हणजे कॉलमच्या नावात टायपो झाला तर एररऐवजी भलतंच उत्तर मिळतं.

५. घालणं आणि वाचणं

युजरकडून आलेली कुठलीही गोष्ट क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये चिकटवायची नाही. 'प्रिपेअर'मध्ये किंमतीच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा कोलन लावलेलं नाव, आणि 'एक्झिक्यूट'ला खऱ्या किंमतींचा अ‍ॅरे. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे युजरने मजकुरातून स्वतःची क्वेरी घुसवणं, टळतं, आणि नावात अवतरणचिन्ह आलं तरी क्वेरी मोडत नाही. 'लाइक' शोधात टक्क्याचं चिन्ह क्वेरीत न लिहिता किंमतीलाच जोडून पाठवा. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव मात्र असं बाहेरून देता येत नाही. क्रमवारीचा कॉलम युजर निवडणार असेल तर मान्य नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि तिच्याशी पडताळा.

इथे एक छुपा खड्डा आहे. 'एक्झिक्यूट'ला अ‍ॅरे दिला की पीडीओ त्यातली प्रत्येक किंमत मजकूर म्हणून पाठवतं. साध्या कॉलमशी तुलना असेल तर एसक्यूलाइट कॉलमचा टाइप पाहून सांभाळून घेतं. पण 'पाचपेक्षा जास्त पुस्तकं नेलेले वाचक' शोधताना 'हॅविंग काउंट' च्या पुढे प्रश्नचिन्ह ठेवून ५ पाठवलात, तर एकही ओळ मिळणार नाही. 'काउंट'ला कॉलमसारखा टाइप नसतो, आणि एसक्यूलाइटच्या क्रमात कुठलाही आकडा कुठल्याही मजकुरापेक्षा लहानच. अशा ठिकाणी 'बाइंडव्हॅल्यू' वापरून 'पॅराम इंट' असं स्पष्ट सांगा.

वाचताना एकच ओळ हवी तर 'फेच', सगळ्या हव्या तर 'फेचऑल'. हजारो ओळी असतील तर 'फेचऑल' टाळून स्टेटमेंटवर थेट 'फॉरईच' फिरवा. नव्या ओळीचा आयडी 'लास्टइन्सर्टआयडी'त मिळतो.

६. 'डेटाबेस इज लॉक्ड'

हा संदेश दिसला की लोक एसक्यूलाइट सोडून देतात, बहुतेकदा विनाकारण.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच कनेक्शन लिहू शकतं. अख्ख्या फाइलला एक लिहिणारा, ओळ किंवा टेबलागणिक नाही. मूळच्या जर्नल पद्धतीत बदल फाइलमध्ये उतरवताना वाचणाऱ्यांनाही थांबावं लागतं. 'वॉल' मोडमध्ये नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये जातात. त्यामुळे एक जण लिहीत असताना बाकीचे जुनी, पण सुसंगत प्रत वाचत राहतात. वेबसाइटवर लिहिण्यापेक्षा वाचणंच जास्त असतं, म्हणून वर हा मोड लावायला सांगितला. तो नेटवर्क ड्राइव्हवर चालत नाही. खरं तर नेटवर्क ड्राइव्हवर एसक्यूलाइटची फाइल ठेवूच नये, कारण तिथल्या लॉकवर भरवसा ठेवता येत नाही आणि फाइल बिघडू शकते.

एक लिखाण मिलिसेकंदांत संपतं, त्यामुळे 'एकच लिहिणारा' ही अट ऐकायला वाटते तेवढी जाचक नाही. जाचक होतं ते लिखाण लांबवणं. ट्रान्झॅक्शन उघडायचं, मग ईमेल पाठवायचा किंवा बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट बघायची आणि मग 'कमिट' करायचं, असा कोड असेल तर तेवढा वेळ बाकी सगळे लिहिणारे ताटकळतात. आधी बाहेरची कामं उरका, मग ट्रान्झॅक्शन उघडा, लिहा, बंद करा.

ट्रान्झॅक्शनचा फायदा वेगातही दिसतो. वेगळं काही सांगितलं नाही तर प्रत्येक 'इन्सर्ट' हे स्वतंत्र ट्रान्झॅक्शन असतं, आणि दर वेळी डेटा खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री होईपर्यंत थांबावं लागतं. एसक्यूलाइटच्याच दस्तऐवजात म्हटलंय की साध्या संगणकावर सेकंदाला ५०,००० इन्सर्ट सहज होतात, पण फिरत्या डिस्कवर ट्रान्झॅक्शन सेकंदाला काही डझनच. हजार पुस्तकांची यादी आयात करायची असेल तर लूपच्या आधी 'बिगिनट्रान्झॅक्शन' आणि नंतर 'कमिट', मध्ये एक्सेप्शन आलं तर 'रोलबॅक'.

आता जरा सूक्ष्म प्रकार. पुस्तक देताना आधी शिल्लक प्रती वाचायच्या आणि मग नोंद लिहायची. साध्या 'बिगिन'ने लिहिण्याचा लॉक लगेच मिळत नाही, पहिलं लिखाण येईल तेव्हा मागितला जातो. मधल्या वेळात दुसऱ्याने काही लिहिलं, तर वॉल मोडमध्ये तुम्ही वाचलेली प्रत शिळी झालेली असते. मग टाइमआउट कितीही असो, तुम्हाला ताबडतोब 'लॉक्ड' मिळतं. उपाय म्हणजे 'बिगिनट्रान्झॅक्शन' न वापरता 'एक्झेक'ने 'बिगिन इमिजिएट' चालवणं, म्हणजे लिहिण्याचा लॉक सुरुवातीलाच घेतला जातो. अशी सुरुवात केली तर शेवटही 'एक्झेक'नेच करा.

कोड तपासून थकलात तर डेस्कटॉपवर डेटाबेस बघायचं एखादं सॉफ्टवेअर उघडं नाही ना, तेही पाहा. 'डीबी ब्राउझर'मध्ये एखादा बदल सेव्ह न करता तसाच ठेवला की लॉक धरून ठेवलेला असतो.

मग एसक्यूलाइट कधी नको? एकच डेटाबेस दोन वेगळ्या मशीनवरच्या वेब सर्व्हरना लागणार असेल तेव्हा, आणि खूप लोक सतत एकाच वेळी लिहिणार असतील तेव्हा. रोज एक लाखापेक्षा कमी हिट असलेल्या साइटला एसक्यूलाइट सहसा पुरतं, असं त्याचे निर्मातेच म्हणतात, आणि त्यांची स्वतःची साइटही त्यावरच चालते.

७. देवनागरी मजकूर

साठवायला काही करावं लागत नाही, सगळं यूटीएफ-८. क्रमवारी मात्र कोडच्या क्रमाने लागते, आणि त्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, 'ह'नंतर नाही. नीट क्रम हवा तर पीएचपीच्या 'इंटल' एक्स्टेंशनमधला 'कोलेटर' मराठी लोकेल देऊन घ्या आणि 'एसक्यूलाइटक्रिएटकोलेशन'ने नोंदवा. पीएचपी ८.४ पासून त्यासाठी पीडीओचा वेगळा एसक्यूलाइट क्लास आहे. हे कोलेशन (क्रमवारीचा नियम) फक्त 'ऑर्डर बाय'मध्ये वापरा. टेबलाच्या किंवा इंडेक्सच्या व्याख्येत घातलं तर बाहेरच्या सॉफ्टवेअरला ते माहीत नसतं आणि तिथे एरर येते.

शोधताना जास्त छळतं ते 'ऱ'. तो युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता असाही. पडद्यावर दोन्ही सारखे, डेटाबेसच्या लेखी वेगळे. 'वाऱ्यावर' शोधलं आणि समोर दिसत असलेलं पुस्तक सापडलं नाही, तर बहुधा हेच. साठवताना आणि शोधतानाही मजकूर एकाच रूपात आणणाऱ्या 'नॉर्मलायझर'मधून काढा.

८. टेबलं बदलायची वेळ आली की

डेटाबेस फाइलच्या हेडरमध्ये 'यूजर व्हर्जन' नावाचा एक आकडा तुमच्यासाठी राखून ठेवलेला आहे, सुरुवातीला शून्य. स्क्रिप्टमध्ये तो प्राग्माने वाचायचा. १ पेक्षा कमी असेल तर पहिले बदल करून १ करायचा, २ पेक्षा कमी असेल तर पुढचे करून २. छोट्या प्रोजेक्टला मायग्रेशनची एवढी यंत्रणा पुरते. 'क्रिएट' आणि 'ऑल्टर' आज्ञाही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, म्हणून प्रत्येक टप्पा आकड्याच्या बदलासकट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा. कॉलम जोडणं सोपं आहे. काढणं ३.३५ पासून जमतं. कॉलमचा टाइप बदलायचा असेल तर नवं टेबल बनवून डेटा हलवावा लागतो.

९. बॅकअप

फाइलच तर आहे, कॉपी केली की झालं, असं वाटतं. साइट चालू असताना नुसती कॉपी केली तर ती अर्धवट लिखाणाच्या मध्ये सापडू शकते. शिवाय वॉल मोडमध्ये ताजा डेटा मुख्य फाइलमध्ये नसून शेजारच्या वॉल फाइलमध्येच असू शकतो. वॉल मोडमध्ये शेजारी दिसणाऱ्या जास्तीच्या फाइल कचरा समजून पुसणं तर मुळीच नको.

'व्हॅक्यूम इंटू' आणि पुढे नव्या फाइलचा पत्ता, ही एकच आज्ञा चालू डेटाबेसची सुसंगत प्रत काढते. ३.२७ पासून ती उपलब्ध आहे. त्या ठिकाणी आधीपासून भरलेली फाइल असेल तर ती नकार देते, म्हणून नावात तारीख घाला. ओळी पुसूनही मूळ फाइलचा आकार कमी होत नाही, कारण मोकळी जागा पुढच्या लिखाणासाठी राखली जाते. ही प्रत मात्र आटोपशीर निघते. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) रोज ही आज्ञा देणारी स्क्रिप्ट चालवा, प्रत दुसऱ्या मशीनवर हलवा, आणि तिथे ती उघडून 'प्राग्मा इंटिग्रिटी चेक' चालवा. उत्तरात 'ओके' एवढाच शब्द आला पाहिजे.